सलतं, रुततं, चुरचुरतं

ठकूबाईने पाय काढून बाकावर ठेवला.

पाय म्हणजे गुडघ्याखालचा, तपकिरी रबराचा. त्याला पाच बोटे होती, बोटांना नखांच्या रेषाही होत्या. तो तिच्या शेजारी आडवा पडला होता. तिच्या खऱ्या पायाचा जेवढा भाग उरला होता, त्यावरचा मोजा मी खाली ओढला. बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या थोडे खाली, सुपारीएवढ्या जागेवरची कातडी गेली होती आणि आतले ओले लाल मांस दिसत होते. सुतार मेस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पाहिले, चष्मा पुन्हा नाकावर घेतला. घासणीचे यंत्र त्यांनी स्वतःच बंद केले होते. ते बंद असले की त्या पत्र्याच्या छताखाली किती शांतता असते, हे मला चार महिन्यांत पहिल्यांदाच कळत होते. ती शांतता माझ्याकडे बघत असावी, असे मला वाटले.

"मागल्या मंगळवारचं कार्ड द्या," मेस्त्री म्हणाले.

कार्ड माझ्याच हातात होते.

कराडच्या बाहेर, उसाच्या मळ्यांना लागून, एका न्यासाची ही कार्यशाळा होती. तिथे कृत्रिम पाय तयार होत. एम. ए. होऊन मला वर्ष झाले होते आणि प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात कुठे निघत नव्हती, म्हणून मी नोंद-सहायक या हंगामी पदावर तिथे रुजू झाले. मी त्या जागेकडे स्थानकावरच्या बाकाकडे पाहावे तसे पाहत होते. गाडी येईपर्यंत बसायचे, एवढेच. माझ्या पिशवीत नव्या कवितेचे दोन संग्रह असत. दुपारी, प्लास्टरचे पांढरे साचे उन्हात वाळत ठेवलेले असताना, त्या डोके नसलेल्या, हात नसलेल्या, नुसत्याच उभ्या पायांच्या रांगेसमोर बसून मी ते वाचीत असे. कधी नोंदकार्डाच्या मागे माझ्याही चार ओळी उतरत. असे एक कार्ड मेस्त्रींच्या हाती लागले आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी 'कवीबाई' झाले.

माझे काम सोपे होते. नवा पाय चढवून माणूस समांतर दांड्यांच्या मधून चालू लागला की त्याच्यापाशी उभे राहायचे, काय होते आहे ते विचारायचे आणि तो सांगेल ते कार्डावर लिहून मेस्त्रींपुढे ठेवायचे. मेस्त्री स्वतः कधीच विचारीत नसत. ते आपल्या टेबलापाशी पाठमोरे उभे असत. कार्ड आले की वाचत, पाय हातात घेत आणि कामाला लागत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती: "पेशंट म्हणेल ते लिहायचं. त्याचाच शब्द." का, हे मी विचारले. त्यांनी यंत्र सुरू केले. प्रश्नाला उत्तर न देण्याची त्यांची ही रीत मी पुढे अनेकदा पाहिली आणि मनाशी तिला मग्रुरी असे नाव देऊन टाकले.

मला कुतूहल होते ते त्यांच्या वहीचे. काळ्या पुठ्ठ्याची, कडेला प्लास्टर लागून पांढरी झालेली वही. मेस्त्री जेवायला गेले की मी ती चोरून उघडीत असे. पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे शब्द, उजवीकडे काम.

सलतं: आतून एका जागी टोक लागतंय. गरम करून बाहेर ढकलणे.

रुततं: काठ. घासून गोल करणे.

चुरचुरतं: कातडी घासते. सॉकेट सैल आहे. अस्तर घालणे.

ठसठसतं: पाय घालू नये. डॉक्टर.

शिवशिवतं (नसलेली बोटं): काम नाही. ऐकून घेणे.

सातवी शिकलेल्या माणसाच्या त्या टोकदार अक्षरात मराठी भाषेने दुखण्याचे केलेले एवढे बारीक तुकडे पाहून मी थक्क झाले होते. माझ्या संग्रहांतल्या कवींनी सगळ्या शतकाचे दुःख मिळून पाच-सहा शब्दांत बसवले होते. इथे एका गुडघ्याखाली अठ्ठावीस शब्द होते. मी मोजले होते. पुढच्या पानांवर तारीखवार नोंदी होत्या. नाव, गाव, शब्द, काम; पुन्हा शब्द, पुन्हा काम. आणि प्रत्येक माणसाच्या शेवटच्या ओळीत शब्दाची जागा कोरी. मला वाटले, कामाच्या घाईत लिहायचे राहून जात असावे. एवढी नेटकी वही आणि शेवटी हा आळस, याचे मला नवल वाटे.

ठकूबाई झोरे आमच्याकडे आली ती मार्चमध्ये. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरांची वस्ती आहे. गाडीरस्ता खालीच संपतो आणि पुढे दीड तासाची चढण. दोन वर्षांपूर्वी गवत कापताना तिला फुरसे चावले, विष भिनून पाय काळा पडला आणि गुडघ्याखाली काढावा लागला. वस्तीची ती सुईण होती. सदतीस वर्षांत तिथे जन्मलेले प्रत्येक मूल पहिल्यांदा तिच्या हातांत आले होते. आता तिच्या नातीचे, सगूचे पहिले बाळंतपण अमावास्येच्या सुमाराला होते. सरकारी नर्सबाई येणार होती, त्याला ठकूबाईची हरकत नव्हती. पण आपण तिथे असायला हवे आणि आपल्या पायांनी चढून गेलेले असायला हवे, हा तिचा हट्ट होता. पुतणे तिला डोलीत घालून वर न्यायला तयार होते. त्यावर ती म्हणाली होती, की सुईणच डोलीतनं आली तर बाळंतिणीनं धीर धरायला कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

मागच्या मंगळवारी पहिल्यांदा पाय चढवून ती दांड्यांमधून दोन फेऱ्या चालली. मी विचारले.

"सलतंय बघ," ती म्हणाली. "भायेरच्या अंगाला. काटा मोडून आत ऱ्हावा तसं. बाकी काय न्हाई, नुसतं सलतंय."

मी पेन उचलले आणि थांबले. मला त्या क्षणाची अजून लाज वाटते, म्हणून तो नीट सांगते. 'सलणे' हा शब्द मला नको होता. कवितांनी तो हाताळून हाताळून गुळगुळीत केला होता. काळजात सलते, आठवण सलते. आणि दुसरीकडे, कार्डासारख्या कागदावर तो फारच घरगुती दिसेल, असेही वाटले. मी लिहिले: 'अवयवाच्या बाह्य भागी तीव्र वेदना व दाह.' 'दाह' तिने म्हटलेच नव्हते. वाक्याचा तोल साधावा म्हणून तो आला होता.

मेस्त्रींनी ते दोनदा वाचले होते.

"दाह म्हणजे आग ना?"

"हो," मी म्हणाले.

"म्हणजे कातडीची."

माझ्या उत्तराची वाट न पाहता ते वळले होते आणि सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्या प्लास्टिकच्या पोकळीत बसतो तिच्या आतून, बाहेरच्या अंगाला, त्यांनी अस्तराचा एक थर चिकटवला होता. ठकूबाई तो आणखी घट्ट झालेला पाय घालून आठ दिवस बहिणीच्या घरी, कराडातच चालत राहिली. दुखते म्हणून तिने तो काढला नाही. नवा पाय म्हणजे नव्या सुनेसारखा, घरात रुळायला वेळ लागायचाच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आता ते कार्ड मेस्त्रींच्या हातात होते. ते वाचत होते. तीच ओळ, पुन्हा.

"ह्यातला आक्कांचा शब्द कुठला?" ठकूबाईकडे बोट करून त्यांनी विचारले.

मी खाली पाहिले. प्लास्टरच्या भुकटीत कोणाच्या तरी चपलेचा ठसा होता.

"काय लिवलंय त्यात, वाच की पोरी," ठकूबाई म्हणाली. "माझ्याच पायाचं हाय न्हवं?"

मी वाचले. माझ्याच आवाजात ते वाक्य मला परके आणि वाईट शिवलेल्या कपड्यासारखे वाटले. ठकूबाईने कानामागे हात नेला.

"काय म्हणालीस? वेणा?"

"वेदना, आजी."

"त्येच की गं. वेणा." आणि ती हसू लागली, ठसका लागेपर्यंत हसली. "अगं, वेणा बाळंतिणीला येत्यात. मला ह्या वयात कशानं यायच्या? आन् आल्या तर कोण घेणार हातात, ह्यो मेस्त्री?"

मलाही हसू आले. त्या दोन शब्दांचे मूळ एकच आहे, हे मी परीक्षेत लिहिले होते. एक शब्द पुस्तकांत राहून कोणत्याही दुखण्याला चालेल इतका मोठा झाला आणि दुसरा बाजेपाशी बसून एकाच दुखण्याचा झाला. नेमका, जिवंत, उपयोगाचा. आणि ही बाई त्या दुसऱ्या शब्दावर सदतीस वर्षे काम करीत होती.

मेस्त्री हसले नाहीत. ते आधी तिच्या तोंडाकडे पाहत होते, मग माझ्या. कोणीतरी परक्या भाषेत विनोद केला आणि आपण कधी हसायचे हे ठरत नाही, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

ठकूबाईचे हसू थांबले. ती त्यांच्याकडे पाहू लागली. नेहमीसारखे नाही, डोळे बारीक करून. मग तिने पदराचे टोक ओठांवर धरले आणि अगदी साध्या आवाजात, भाकरी मागावी तशी म्हणाली, "मेस्त्री, तुमच्या पाठीवर इंचू चढलाय."

मी दचकून त्यांच्या पाठीकडे पाहिले. पाठीवर काही नव्हते. मेस्त्री जागचे हलले नाहीत. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवले, पेन्सिल कानावर खोचली आणि ती पुढे काय म्हणते याची वाट पाहत तिच्या पदराकडे बघत राहिले.

तिने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे वळली.

"ह्याला ऐकू येत न्हाई, पोरी. इतकं दिस तुझ्या कानानं ऐकत हुता त्यो."

ओठ उघडे होते, त्यामुळे हे मात्र मेस्त्रींना कळले. त्यांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. त्यांवर पुसण्यासारखे काही नव्हते.

"एकवीस वर्षं झाली ह्या मशीनवर," ते म्हणाले. "सगळं नाही गेलं. बारीक आवाज आधी जातात. स, च, श. माणूस समोर असला, तोंड दिसलं, की बाकीचं जुळवून घेतो. पण सलतं आणि चुरचुरतं..." त्यांनी हवेत बोटे मिटली. "मला नुसतं 'तंय' येतं."

माझ्या आधी सरूबाई नावाची आया त्यांची कार्डे लिहीत असे. तिचे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखे वाकडे होते आणि मी रुजू झाले तेव्हा ती जुनी कार्डे पाहून मला तिची कीव आली होती. 'सलतया.' 'लई रुततया.' एकही शब्द तिने बदलला नव्हता.

मी मेस्त्रींसमोर, त्यांना माझे तोंड दिसेल अशी उभी राहिले. ठकूबाई सलतंय म्हणाली होती, दाह तिने म्हटलेच नव्हते, तो माझा होता, हे सांगितले. ते मला रागावतील अशी माझी अपेक्षा होती. बहुधा इच्छाही होती. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले, कार्डावरच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि पेन मला परत दिले.

"लिहा."

मी लिहिले: सलतंय.

ती जखम भरेपर्यंत पाय चढवता येणार नव्हता. अमावास्येला चौदा दिवस होते. ठकूबाईला आम्ही आवारातल्या पाहुण्यांच्या खोलीत ठेवून घेतले. रोज सकाळी मी जखम धुऊन पट्टी बदलीत असे आणि ती मला आपल्या कामातल्या गोष्टी सांगे. पहिलटकरीण 'मरते' म्हणाली तर अजून वेळ असतो. ती बोलायची थांबली, की पाणी तापवायला घ्यायचे. कंबरेतून येणारी कळ वेगळी, ओटीपोटातली वेगळी. बाई दोन्हींना कळच म्हणते, पण म्हणताना हात वेगळ्या ठिकाणी ठेवते. मी विचारले, की हे तिला कोणी शिकवले. ती म्हणाली, की सासूच्या मागे दिवा धरून उभी राहायची. कोणी काही सांगितले नाही, दिवा हलला तर मात्र पाठीत बसायची. त्या दिवसांत माझ्या पिशवीतले संग्रह पिशवीतच राहिले.

दहाव्या दिवशी नवी कातडी धरली. मेस्त्रींनी अस्तर खरवडून काढले, सॉकेट पुसले आणि जांभळी पेन्सिल माझ्यापुढे धरली. ही पेन्सिल ओली करून हाडाच्या उंचवट्यावर खूण करायची, पाय चढवायचा, उतरवायचा. खूण आतून ज्या जागी उमटेल तिथे प्लास्टिक आडवे येते आहे असे समजायचे. हे काम ते कधी कोणाला देत नसत.

"मी?" मी विचारले.

"डोळे माझे आहेत," ते म्हणाले. "पण आक्का तुमच्याशी बोलतात."

मी ठकूबाईच्या पायाशी बसले आणि हाड शोधू लागले. बोटांखाली सगळेच हाड वाटत होते, किंवा काहीच नाही. मी जोर लावला. तिने माझे मनगट धरले. तिचा हात कोरडा आणि आश्चर्य वाटावे इतका हलका होता.

"दाबू नगंस. इचार."

"काय विचारू?"

"त्वांडानं न्हाई. बोटानं इचारायचं. डोळं मीट आदी. पोटावरनं लेकराचं डोस्कं कुठंशी हाय, ते असंच कळतं. दाबलं तर लेकरू बी आंग चोरतं."

मी डोळे मिटले. बोटे सैल सोडली. काही वेळ नुसतीच ऊब होती. मग त्या उबेच्या तळाशी, कातडीच्या बऱ्याच आत, एक गोटी हलकेच वर आली. मी तिच्यापर्यंत गेले नाही, तीच माझ्या बोटाला येऊन लागली. आजतागायत, याच कामात सत्तावीस वर्षे काढल्यावरही, एखाद्या नव्या पायावर बोटे ठेवली की मी त्या गोटीच्या येण्याची तशीच वाट पाहते.

जांभळी खूण सॉकेटच्या आत उमटली, ती अस्तर होते त्याच्या बोटभर वर. मेस्त्रींनी हीट गनने ती जागा तापवली. प्लास्टिक ओले दिसू लागताच त्यांनी मान हलवली आणि मी गोल टोकाच्या लाकडी दांडक्याने आतून बाहेर रेटले. ठकूबाई चार पावले चालली.

"काय होतंय, आजी?"

"सलतंय. पर कमी."

मी लिहून मेस्त्रींना दाखवले. पुन्हा ताप, पुन्हा दांडके. या वेळी ती दांड्यांच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि जरा विचार करून म्हणाली, "आता टेकतंय."

हा शब्द वहीत नव्हता. मी तो कार्डावर लिहिला. मेस्त्रींनी भुवया उंचावल्या.

"टेकतंय म्हणजे बरं का वाईट?"

मी तोच प्रश्न तिला विचारला. "भिताडाला पाठ टेकून बसल्यागत," ती म्हणाली. "वाईट न्हाई. पर भिताड हाय, ह्ये ध्यानात ऱ्हातंय."

मी तिचे सगळे वाक्य जसेच्या तसे उतरवले. मेस्त्रींनी ते वाचले, आणि त्या अबोल माणसाच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले. त्यांनी काळी वही उघडून अठ्ठावीस शब्दांच्या खाली एकोणतिसावा मांडला. मग सॉकेट उचलून, डोळ्यांजवळ धरून, कानशीच्या अगदी बारीक बाजूने आतली कड चार-पाच वेळा घासली. इतके थोडे, की खाली भुकटीसुद्धा पडलेली दिसली नाही.

ठकूबाईने पाय चढवला, लुगडे सारखे केले आणि उभी राहिली. दांड्यांमधून एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत तिने दांड्यांवरचे हात उचलले. टोकाला पोचल्यावर ती वळेल असे मला वाटले होते, कारण सगळेच वळत. ती वळली नाही. सरळ दाराकडे गेली. दाराशी तिची काठी टेकून ठेवलेली होती, ती घेतली. बाहेर तीन पायऱ्या आहेत आणि मग फाटकापर्यंत मुरुमाचा उतार. पहिल्या पायरीवर तिने काठी आधी ठेवली. दुसरीवर पाय आधी ठेवला.

मी कार्ड आणि पेन घेऊन मागोमाग दारात आले.

"आजी, काय होतंय?"

ती उतारावर होती. फाटकापाशी बसलेल्या रखवालदाराला ती पाटणची एसटी किती वाजता आहे ते विचारत होती, आणि तो हाताने सूर्याकडे बोट करून काहीतरी सांगत होता. अमावास्येला चार दिवस होते. तिचे गाठोडे पुतण्याने सकाळीच स्थानकावर नेले होते.

"आजी," मी मोठ्याने विचारले, "सलतंय का? टेकतंय?"

मेस्त्री माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिले, मग माझ्या ओठांकडे.

"काय म्हणाल्या?"

मी पेनाचे टोक शब्दाच्या रकान्यावर नेले. तिथे काय लिहायचे ते मला सुचले नाही. आणि मग त्या वहीतल्या सगळ्या शेवटच्या ओळी, एकामागून एक, मला आठवल्या. मी पेनाला टोपण लावले आणि रकाना कोराच ठेवून कार्ड त्यांच्या हातात दिले.

फाटकाबाहेर ठकूबाई काठी काखेत मारून, दोन्ही हातांनी पदर खोचीत, डावीकडे वळली आणि चालू लागली.